मरुभूमीतील अन्नदाते

'मरु' हा शब्द आपल्या वैयाकरणांनी 'मृ' म्हणजे मरणे या धातूपासून साधिला आहे. जेथे प्राणी तृषेने मरण पावतात तो मरु, अशी त्याची व्युत्पत्ती सांगतात. भूगोलाच्या पुस्तकांनीही पिढ्यान्‌पिढ्या मुलांच्या मनावर जवळजवळ हेच चित्र ठसविले आहे: पर्जन्य अल्प, झाडे खुरटी व काटेरी, वस्ती विरळ. यांपैकी पहिल्या दोन गोष्टी थारच्या वाळवंटास लागू पडतात. तिसरी पडत नाही. जगातील वाळवंटांत सर्वांत दाट वस्तीचे म्हणून थारचीच गणना होते. माणसांच्या जोडीला गाई, शेळ्यामेंढ्या व उंट यांचे कळप आहेत. शिवाय चिंकारा हरिणे, कोल्हे, गरुड, सरडे आणि असंख्य कीटक आहेत. आणि पाऊस किती? जोधपुरास वर्षाकाठी सरासरी पस्तीस-छत्तीस सेंटिमीटर, जैसलमेरास तर वीस सेंटिमीटरांहूनही कमी. आषाढात महाबळेश्वरी एखाद्या दिवसात कोसळतो तेवढा पाऊस जैसलमेरास बारा महिने पुरवून खावा लागतो. मग एवढा मोठा संसार तेथे चालवितो तरी कोण? गत फाल्गुनात आम्ही उभयता मारवाडात पंधरा-वीस दिवस हिंडलो, तेव्हा या प्रश्नाचे उत्तर जागोजागी उभे असलेले दिसले. ते वाचकांपुढे ठेवावे एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रवासवर्णनास आरंभ करण्यापूर्वी एक गोष्ट स्पष्ट करून ठेवणे बरे. एकत्र कुटुंबात खाणारी तोंडे वीस असली तरी कमावते हात दोन-चारच असतात, हा अनुभव आपणां सर्वांस आहे. सृष्टीच्या कुटुंबात तर हा नियम फारच कडक आहे. सूर्याचा प्रकाश, हवेतील कार्बनी वायू आणि जमिनीतील पाणी एवढ्या भांडवलावर अन्न निर्माण करण्याची विद्या हरितद्रव्य असलेल्या वनस्पतींसच अवगत आहे. भूमीवरील बाकीचे सारे जीव त्यांच्या कमाईवर जगतात. म्हणून शास्त्रज्ञ वनस्पतींस 'उत्पादक' म्हणतात. गवत खाणारे हरिण हा पहिला भक्षक, हरिणास मारणारा लांडगा हा दुसरा, आणि दोघांच्याही मृत देहांची माती करणारे वाळवी, किडे व जंतू हे विघटक. या परंपरेस आपण अन्नसाखळी म्हणतो. भागवताच्या प्रथम स्कंधात धृतराष्ट्राच्या गृहत्यागाने व्याकूळ झालेल्या धर्मराजाचे सांत्वन करताना नारदमुनी याच परंपरेचा दाखला देतात, आणि चतुष्पादांचे अन्न म्हणून पाय नसलेल्या तृणांचाच निर्देश करतात, हे संस्कृतज्ञ वाचकांस स्मरत असेलच. सुपीक प्रदेशात ही साखळी इतक्या धाग्यांनी विणलेली असते की एखादा धागा तुटला तरी लक्षात येत नाही. मरुभूमीत धागे थोडे. त्यामुळे कोण कोणाच्या जिवावर जगतो ते तेथे उघड्या डोळ्यांनी वाचता येते.

पुण्याहून आगगाडीने आम्ही जोधपुरास उतरलो. तेथे आमचे पुतणे नोकरीनिमित्त राहतात. शहराच्या मस्तकावर मेहरानगडाचा प्रचंड दुर्ग आहे. त्याच्या पायथ्याशी ज्वालामुखीजन्य खडकांच्या टेकड्यांवर राव जोधा यांच्या नावाने एक मरुवनस्पतींचे उद्यान केले आहे. २००६ साली काम सुरू झाले तेव्हा ही सुमारे सत्तर हेक्टरांची भूमी विलायती बाभळीने व्यापली होती. मेक्सिको व दक्षिण अमेरिका इकडची ही बाभूळ इंग्रजी अमदानीत, सरपण होईल व वाळू थोपेल म्हणून हिंदुस्थानात आणण्यात आली. तिने एवढे पाय पसरले की स्थानिक झाडास जागा उरेना. वरून तोडली की ती पुन्हा फुटे. अखेर दगड फोडणाऱ्या खंडवालिया जमातीच्या कसबी लोकांनी छिन्नी-हातोड्याने खडक फोडून तिची मुळे समूळ काढली आणि त्याच खड्ड्यांत मूळची झाडे लावण्यात आली. आज तेथे थोर, केर, कुमट, गुग्गुळ अशा नाना वनस्पती उभ्या आहेत.

वाळवंटात कमाई करणे म्हणजे काय हे या उद्यानात चांगले समजते. अन्न तयार करण्यासाठी झाडास पानांची रंध्रे उघडून हवा आत घ्यावी लागते. पण रंध्र उघडले की आतले पाणी वाफ होऊन निघून जाते. म्हणजे कमावण्यासाठी दार उघडावे तर चोर आत शिरणार, अशी ही अडचण आहे. प्रत्येक वनस्पतीने तिच्यावर आपापली युक्ती काढली आहे. थोर दिवसा दार बंद ठेवतो. रात्री हवा गार झाली की रंध्रे उघडून कार्बनी वायू घेतो, तो आम्लाच्या रूपाने साठवितो, आणि सूर्य उगवल्यावर दारे लावून घेऊन त्या साठ्याची शर्करा करतो. केराची तऱ्हा निराळी. केर म्हणजेच आपल्या संस्कृत काव्यांतील करीर. वसंत आला तरी करीरास पाने फुटत नाहीत यात वसंताचा दोष काय, असा प्रश्न भर्तृहरीने नीतिशतकात केला आहे. तो वर्गात शिकविताना करीर म्हणजे दैवाने मारलेल्यांचे उदाहरण, असेच सारे शिक्षक सांगत आले आहेत. काव्यात ते शोभतेही. परंतु आम्ही पाहिला तो करीर फाल्गुनात विटकरी-तांबड्या फुलांनी नखशिखांत भरला होता, आणि त्याच्या निष्पर्ण फांद्या गर्द हिरव्या होत्या. कोवळ्या डहाळीस इवलीशी पाने येतात व लवकरच गळून जातात. पुढे अन्न शिजविण्याचे सारे काम त्या हिरव्या फांद्याच करतात. पानांचा खर्च त्याने मुद्दाम कमी केला आहे. संसारात याला आपण दैन्य म्हणत नाही, काटकसर म्हणतो.

रुईचे झुडूप आपल्याकडे माळोमाळ आहे, तसे तिकडेही आहे. तिचा चीक विषारी असल्याने शेळीसुद्धा तिला सहसा तोंड लावीत नाही. परंतु एका फुलपाखराची अळी आणि निळ्या-पिवळ्या पट्ट्यांचा एक नाकतोडा यांचे तीच अन्न. ही मंडळी रुईचे विष आपल्या अंगी साठवून ठेवितात, आणि मग पक्षी त्यांच्या वाटेस जात नाहीत. उत्पादकाकडून पुढच्या पायरीस केवळ अन्नच मिळते असे नाही, कधी कवचही मिळते, याचे हे उदाहरण ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

त्या दिवसांत तिकडे शीतलाष्टमी होती. आपली फाल्गुन वद्य अष्टमी ती तिकडच्या गणनेने चैत्र वद्य अष्टमी. त्या दिवशी चूल पेटवावयाची नाही, आदल्या दिवशीचे शिळे अन्न खावयाचे, असा प्रघात आहे. शेजारच्या मारवाडी गृहिणीने आमच्याकडे पंचकूट नावाची भाजी पाठविली. केराची फळे, सांगरी, कुमटाचे बी, गूंदा म्हणजे आपले भोकर, आणि अमचूर, ही तिची पाच अंगे. सर्व जिन्नस वाळवून ठेवलेले. तेलात केलेली ही भाजी चार दिवसही टिकते. आमच्या मंडळींनी कृती विचारून घेतली आणि सहज एक मार्मिक गोष्ट बोलून दाखविली: "या भाजीतले चार जिन्नस बिनपेरणीचे, बिनपाण्याचे. आपल्याकडची एकतरी भाजी अशी आहे का?" खरेच आहे. आंब्याची आंबट फोड सोडली तर ते ताट मरुभूमीच्या झाडांनीच वाढले होते. ज्या वर्षी बाजरी होत नाही त्या वर्षीही ही झाडे काही ना काही देतात. १८६८-६९च्या दुष्काळात राजपुतान्यात लोकांनी खेजडीची साल दळून तिच्या भाकरी खाल्ल्या व त्यावर अनेकांचे प्राण वाचले, अशी नोंद आहे.

ही खेजडी म्हणजे दुसरी कोणी नसून आपण दसऱ्यास पूजितो ती शमी. जिच्या ढोलीत पांडवांनी अज्ञातवासापूर्वी शस्त्रे ठेविली तीच. राजस्थान सरकारने १९८३ साली तिला राज्यवृक्षाचा मान दिला. तिची महती जाणून घेण्यासाठी आम्ही जोधपुराहून सुमारे पंचवीस किलोमीटरांवरील खेजडली या गावी गेलो. हे बिष्णोई लोकांचे गाव. जांभोजी या सत्पुरुषाने १४८५ साली हा पंथ स्थापिला आणि एकोणतीस नियम घालून दिले. हिरवे झाड तोडू नये व जीवांवर दया करावी हे त्यांतील दोन. लाकूड वाचावे म्हणून हे लोक हिंदू असूनही प्रेतास अग्नी न देता भूमीत पुरतात. १७३० साली जोधपूरचे महाराजा अभयसिंह यांच्या नव्या वाड्यासाठी चुना भाजावयाचा होता. त्याकरिता सरपण आणण्यास दरबारी माणसे कुऱ्हाडी घेऊन या गावी आली. अमृतादेवी नावाच्या स्त्रीने झाडास मिठी मारली व तेथेच ती कापली गेली; तिच्यामागून तिच्या तीन मुली, आणि मग गावोगावचे बिष्णोई. एकूण तीनशे त्रेसष्ट जीव गेले, तेव्हा कोठे महाराजांची आज्ञा येऊन कत्तल थांबली. भाद्रपद शुद्ध दशमीस तेथे दर वर्षी मेळा भरतो. स्मारकाजवळ खेजड्यांची दाट राई आहे, आणि तिच्यात मोर निर्भयपणे हिंडत असतात.

तीनशे त्रेसष्ट माणसांनी झाडासाठी प्राण द्यावे, याला काही जण भाबडेपणा म्हणतील. पण त्या झाडाचा जमाखर्च मांडून पाहावा. खेजडीचे सोटमूळ तीस मीटरपर्यंत खोल जाते असे आढळले आहे. म्हणजे ती यंदाच्या पावसावर जगत नाही. पूर्वजांच्या काळापासून जमिनीच्या पोटात मुरलेल्या ठेवीवर जगते. म्हणूनच उन्हाळ्याच्या तोंडी, बाकीची सृष्टी करपत असता, तिला नवी पालवी फुटते. वैशाख-ज्येष्ठात शेंगा येतात. कोवळ्या त्या सांगरी, पिकल्या की त्यांस खोखा म्हणतात व मुले आवडीने खातात. मारवाडात अनेक ठिकाणी शेतकरी थंडीत तिच्या फांद्या छाटून पाला वाळवितात. त्यास लूंग म्हणतात. शेळ्या, उंट, गाई त्यावर उन्हाळा काढतात. तिच्या मुळांवरील गाठींत राहणारे जंतू हवेतील नत्र जमिनीत आणतात, गळलेला पाला कुजतो, सावलीस बसलेल्या जनावरांचे शेणलेंडी तेथेच पडते. त्यामुळे इतर झाडांखाली पीक खुरटते, पण खेजडीखाली ते अधिक जोमाने येते.

राईबाहेरच्या एका शेताच्या बांधावर पांढरा फेटा बांधलेले एक वृद्ध गृहस्थ बसले होते. गावातील लोक त्यांस 'बासा' म्हणत, म्हणून आम्हीही तसेच म्हटले. आम्ही शिक्षक होतो हे कळताच त्यांनी आदराने जागा करून दिली. "माट्साब," ते म्हणाले, "खेजडीखालचे कणीस आणि उघड्यावरचे कणीस डोळे मिटून हाती घ्या, कोणते कोठले ते वजनच सांगेल." मी विचारले, "बासा, एका शेतात किती खेजड्या ठेवाव्यात?" ते हसून म्हणाले, "ठेवणारे आम्ही कोण? त्यांनी आम्हांस ठेवले आहे." उत्पादक आणि भक्षक यांचे नाते याहून थोडक्यात कोणत्या पुस्तकात सांगितले असेल असे वाटत नाही.

जोधपुराहून पश्चिमेस जैसलमेरकडे जाताना झाडे विरळ होत जातात आणि त्यांचा अधिकार गवताकडे येतो. सेवण नावाचे बहुवर्षायू गवत झुबक्याझुबक्यांनी वाळूत उभे असते. कमी पाण्यात अधिक अन्न करण्याची हातोटी उष्ण प्रदेशातील गवतांच्या एका वर्गास साधली आहे, सेवण त्यांपैकीच. वरून ते वाळून काडी झाले तरी मुळे जिवंत असतात व वाळूस धरून ठेवितात. पहिली सर येताच पुन्हा हिरवे कोंब वर येतात. थारपारकर गाईंची कीर्ती या गवतावर उभी आहे. त्याच्या जोडीला भुरटासारखी अल्पायुषी गवते. त्यांची युक्ती म्हणजे दुष्काळाशी न झगडता बीजरूपाने झोपी जाणे. पाऊस झाला की थोड्याच आठवड्यांत उगवून, फुलून, बी टाकून ती मोकळी होतात. या बियांवर मुंग्या जगतात, आणि बिळांतून राहणारे वाळवंटी उंदीर जगतात. सांडा नावाचा गुबगुबीत सरडा गवत व पाला खातो. उंदीर व सांडा यांवर कोल्हा, साप, ससाणे व गरुड जगतात. चिंकाऱ्यास तर पाणीही बव्हंशी पाल्यातूनच मिळते. पाणवठा नसला तरी त्याचे दिवस निभतात. मेलेल्या काडीकचऱ्याची माती करण्याचे काम कोरड्या जमिनीत बुरशीस जमत नाही. ते वाळवी करते, आणि वाळवीस पुन्हा सरडे व पक्षी खातात.

या साखळीचे गणित रेमंड लिंडमन या तरुण अमेरिकन शास्त्रज्ञाने एका तळ्याच्या अभ्यासावरून मांडले. त्याचा निबंध १९४२ साली प्रसिद्ध झाला, आणि त्याच वर्षी तो वयाच्या सव्विसाव्या वर्षी वारला. स्थूलमानाने पाहता एका पायरीवरच्या शक्तीपैकी दहावा हिस्साच वरच्या पायरीस पोचतो. बाकीची जगण्याच्या खटाटोपातच खर्च होते. गवताने हजार भाग अन्न केले तर नाकतोड्यांच्या अंगी शंभर, सरड्यांच्या अंगी दहा, आणि गरुडाच्या वाट्यास एक. जेथे मुळात हजारच निर्माण होते तेथे गरुड एकच असणार. आणि त्या हजाराचे पाचशे झाले तर सरडे अर्धपोटी राहतील, पण गरुड नाहीसाच होईल. कमावत्याचे उत्पन्न घटले की घरातील सर्वांत वरच्या पायरीवरचा आधी पडतो, असा हा हिशेब आहे.

हे तात्त्विक वाटत असेल तर माळढोक पक्ष्याकडे पाहावे. जैसलमेरजवळ १९८० साली मरुभूमी राष्ट्रीय उद्यान स्थापन झाले, ते मुख्यतः या पक्ष्याचे आश्रयस्थान. गवतातले कीटक, सरडे, बिया व बोरे हे त्याचे अन्न. मादी बहुधा एकच अंडे घालते, तेही उघड्या जमिनीवर. आपल्या सोलापूर जिल्ह्यातही नान्नज येथे १९७९ साली त्याच्यासाठी अभयारण्य झाले. पण माळराने गेली, तसा तोही तेथून जवळजवळ गेला. आता देशात मुक्त असलेले माळढोक दीडशेच्याही आत आहेत व त्यांतील बहुतेक जैसलमेर भागात आहेत. चिंकारे आम्हांस पुष्कळ दिसले; माळढोक दिसला नाही.

गवत कमी का झाले याची कारणे एकाच बाजूची नाहीत. १९५८ साली आरंभ झालेल्या, पुढे इंदिरा गांधी यांचे नाव मिळालेल्या कालव्याने या प्रदेशात सतलज-बियासचे पाणी आणले. तहानलेल्या गावांस पाणी मिळाले, गहू व मोहरी पिकू लागली; हे मोठेच उपकार झाले. पण त्याबरोबर सेवणाची कुरणे नांगराखाली गेली. अलीकडे सौरविजेचे कारखाने आले आहेत. फलोदीजवळील भडला येथे तर जगातील मोठ्या सौरउद्यानांपैकी एक उभे आहे. कोळशाचा धूर कमी व्हावयाचा तर अशी वीज हवी, हे कोणीही समंजस मनुष्य नाकारणार नाही. परंतु त्यासाठी बिकानेर व फलोदी भागांत खेजड्या तोडल्या जात असल्याने तेथील लोकांनी आंदोलने केली आहेत. देवाच्या नावाने राखलेल्या, कुऱ्हाड न लागलेल्या रानांस तिकडे ओरण म्हणतात. जैसलमेरजवळचे देगराय मातेचे ओरण प्रसिद्ध आहे. त्या ओरणांतूनही विजेच्या तारा गेल्या, आणि तारांवर आपटून माळढोक मरू लागले. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली अशा तारा भूमिगत करण्याचा आदेश दिला. २०२४ साली त्यात बदल करून तज्ज्ञांची समिती नेमली. शिवाय मुळे पोखरणारा भुंगेरा व एक बुरशी यांच्यामुळे जुन्या खेजड्या वाळत आहेत. जोधपूरच्या मरुक्षेत्र संशोधन संस्थेने, जिला तिकडे 'काजरी' म्हणतात, त्या रोगाचा अभ्यास केला आहे.

प्रस्तुत लेखकास येथे एकच विचार सुचवावयाचा आहे. काचेच्या पटलावर पडलेल्या उन्हाची वीज होते, हिरव्या पानावर पडलेल्या उन्हाचे अन्न होते. ऊन तेच, पण विजेने दिवा लागेल, पंप चालेल, शेळीचे पोट भरणार नाही. पटल उभारावयास ओसाड भूमी पुष्कळ आहे; अमुक भूमी ओसाड आहे असे ठरविण्यापूर्वी तेथील गवतास व झाडांस विचारावे, म्हणजे त्यांच्या जिवावर कोण कोण जगते ते मोजावे. सरकारी दप्तरात जी 'पडीक' म्हणून लिहिली जाते ती जमीन पुष्कळदा कोणाचे तरी कुरण असते. आपल्या महाराष्ट्रातील माळरानांनाही हे तितकेच लागू आहे.

परतीच्या वाटेवर मंडळींनी दोन शेर सांगरी व थोडे केर बांधून आणले. घरातील लहानथोरांस पंचकूट आवडली. शमीचे वृक्ष आपल्या देशावरच्या कोरड्या तालुक्यांतही आहेत. काही गावी त्यास सौंदड म्हणतात. दसऱ्यास तिची पूजा होते आणि वर्षभर तिची आठवण राहत नाही, असे बहुधा घडते. येत्या सीमोल्लंघनाच्या वेळी घरातील मुलांस पांडवांच्या शस्त्रांची कथा तर सांगावीच. तिच्याबरोबर हेही सांगावे की, जेथे ढग फिरकत नाहीत तेथे हाच वृक्ष माणसे, गुरे आणि पाखरे यांस अन्न पुरवितो. गावात शमी नसेल तर पावसाळ्यात एक लावावी. ती सावकाश वाढते. लावणाऱ्याच्या नातवंडांस तिची दाट सावली मिळेल.